उरलेल्या दिवसांचा काळा घोडा

प्रति,
काळा घोडा कला महोत्सवाचे आयोजक, विश्वस्त, विभागप्रमुख आणि प्रायोजक यांस,



दरवर्षी हिवाळा सरता सरता नऊ दिवस तुम्ही दक्षिण मुंबईतला एक रस्ता मोटारींकडून काढून घेता आणि चालणाऱ्या माणसांच्या हवाली करता. रॅम्पार्ट रोवर मांडणशिल्पे उभी राहतात, क्रॉस मैदानावर गाणे-नाचणे होते, डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या बागेत पुस्तकांवर बोलणे होते, वारसा-फेऱ्या निघतात, मुले मातीत हात घालतात, आणि या गर्दीत शिरायला पैसे पडत नाहीत. कल्याण-विरारहून लोकलने आलेले कुटुंब आणि कुलाब्यातले कुटुंब एकाच रांगेत उभे राहतात. ज्या शहरात घडीभर टेकायचे म्हटले तरी काहीतरी विकत घ्यावे लागते, त्या शहरात १९९९ पासून, मधला साथीचा काळ सोडला तर, हे सातत्याने करत राहणे सोपे नाही. या कामाबद्दल मनात आदर आहे, म्हणूनच हे पत्र लिहावेसे वाटले. महोत्सव वाईट आहे, बाजारू झाला आहे, बंद करा, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मी त्यांतला नाही. माझे गाऱ्हाणे वेगळे आहे. काळा घोडा परिसराचा वारसा म्हणून तुम्ही जे साजरे करता, ते ज्यातून निपजले ती गोष्ट फार साधी होती: स्वस्तात, रोज, कोणी हटकल्याशिवाय तासन्‌तास बसता येईल अशी जागा. ती इथून एकेक करून नाहीशी झाली. तिची भरपाई करण्याचे बळ या परिसरात आज कोणाकडे असेल तर ते तुमच्याकडे आहे. आणि महोत्सवाच्या आखणीत मात्र तिला कुठे स्थान दिसत नाही.

वारसा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर इमारतींचे दर्शनी भाग येतात. ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाल्यापासून तर हे अधिकच झाले आहे. पण या इमारती कशासाठी उभ्या राहिल्या, हे विचारले की निराळेच चित्र दिसते. डेव्हिड ससून ग्रंथालयाचे मूळ १८४७ सालच्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटमध्ये आहे. सरकारी टांकसाळीत आणि गोदीत काम करणाऱ्या तरुण यांत्रिकांना, फोरमन मंडळींना वाचायला आणि यंत्रांचे नमुने पाहायला जागा हवी होती, म्हणून ती संस्था निघाली. बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून या यहुदी व्यापाऱ्याने देणगी दिली आणि १८७० साली आजची इमारत पुरी झाली. ‘वारसा वास्तू’ हे बिरुद तिला फार पुढे लागले. आधी ती कामकऱ्यांची वाचायची खोली होती. तिच्या वरच्या सज्ज्यात लांब आरामखुर्च्या असत, मागे झाडांची बाग असे, आणि वर्गणीदार वाचक दुपारच्या दुपार तिथे पडून असे. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीला, विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहाला कावसजी जहांगीर रेडीमनींचा पैसा आहे. त्याच गृहस्थांनी शहरभर पाणपोया बांधून दिल्या. राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून उभा राहिला, त्यावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांच्या दगडी मूर्ती आहेत, आणि त्या मुकुंद रामचंद्र या साहाय्यक अभियंत्याने घडवल्या. घड्याळ, पाणी, पुस्तक, वर्ग, सभागृह: या सगळ्या रोज वापरायच्या गोष्टी आहेत. पारशी, यहुदी, कच्छी, गुजराती दात्यांनी ज्या काळात परस्परांच्या घरी जेवणसुद्धा होत नसे त्या काळात सर्वांनी वापरावे अशा सोयी या भागात उभ्या केल्या. काळा घोड्याच्या वारशात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच रीत. दगडी कमानी तिच्या मागून आल्या.

ही रीत तुम्हाला अपरिचित आहे असे मुळीच नाही, आणि माझ्या मागणीचा भक्कम पुरावा तुमच्याच कामात आहे. तुमच्या काळा घोडा असोसिएशनने कोटातल्या बझारगेटचा बोमनजी होरमसजी वाडिया घड्याळ मनोरा दुरुस्त करून घेतला. रतनसी मुळजी जेठांच्या कारंजाची डागडुजी केली. ते कारंजे जरा जवळून पाहा. गेलेल्या मुलाच्या आठवणीसाठी कच्छी कापूस व्यापाऱ्याने १८९०च्या दशकात ते बांधले. शिरावर त्या मुलाची मूर्ती, खाली प्राण्यांची मस्तके, आणि पाणी वाटसरूंसाठी. बापाने आपल्या दुःखाला नुसता पुतळा दिला नाही, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाच्या तहानेशी ते जोडून दिले. तुम्ही त्या दगडांवरची काजळी काढलीत, फुटलेले कोपरे सांधलेत, हे मोठे काम झाले. आता त्या दगडांमागचा विचारही पुढे न्या, एवढेच मागतो आहे.

कलेच्या बाबतीत तर ही गोष्ट इतकी उघड आहे की तिच्याकडे दुर्लक्ष होते याचेच नवल वाटते. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपने १९४९ साली मुंबईत प्रदर्शन मांडले ते रॅम्पार्ट रोवर, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात. त्या गटाच्या सहा संस्थापकांपैकी एक के. एच. आरा. लहानपणी घर सोडून मुंबईत आलेला, घरगडी म्हणून राबलेला, मोटारी धुऊन पोट भरलेला माणूस. दुसरे एक ह. अं. गाडे, विदर्भातून आलेले. यांच्यापाशी जे होते ते रंग, मित्र आणि बसून वाद घालायला एखादी जागा. पुढे १९५२ साली जहांगीर कलादालन उभे राहिले. त्यातले समोवार हे उपाहारगृह १९६४ साली सुरू झाले, आणि तिथे एक चहा मागवून चित्रकार, नट, पत्रकार, विद्यार्थी दुपार काढू शकत असत. समोरच्या बाजूला ऱ्हिदम हाउसमध्ये तबकडी घेण्याआधी ऐकून पाहता येई. खिशात पैसे नसलेल्या किती जणांचे कान तिथे तयार झाले असतील, याची गणती कोण करणार? आणि वेसाइड इन हे उपाहारगृह. कवी अरुण कोलटकर तिथे ठरावीक वारी मित्रांसह बसत. खिडकीबाहेरचा चौकातला तिकोना, त्यातली कुत्री, झाडूवाल्या, कागद वेचणारी माणसे, रस्त्यावर न्याहारी विकणारी बाई आणि तिच्याभोवती जमणारे भुकेले लोक यांच्याकडे त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले. त्या पाहण्यातून ‘काळा घोडा पोएम्स’ झाल्या; पुस्तक २००४ साली आले, आणि त्याच वर्षी कोलटकर गेले. आदल्याच वर्षी त्यांची ‘भिजकी वही’ मराठीत आली होती. आज जगभर काळा घोडा म्हटले की साहित्य वाचणाऱ्यांना ते पुस्तक आठवते. ते लिहिले गेले कारण एका कवीला एका टेबलाशी बसून एकाच चौकाकडे वर्षानुवर्षे पाहता आले. नऊ दिवसांच्या धामधुमीत ते झाले नसते.

हा केवळ काळा घोड्याचा योगायोग म्हणता येणार नाही. मुंबईतल्या आधुनिक कलेचा इतिहास जागांच्या इतिहासापासून वेगळा काढताच येत नाही. वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये नाममात्र भाड्याने खोल्या मिळत होत्या, म्हणून एका छपराखाली गायतोंडे चित्र काढत होते, रविशंकर सतार शिकवत होते, अल्काझी नाटक बसवत होते, आणि विजयाबाई मेहतांच्या ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेचे प्रयोगही तिथे झाले. चित्रकाराने नाटकाची तालीम पाहिली, नटाने सतार ऐकली. कोणी मुद्दाम ‘बहुविध कलांचा संगम’ घडवून आणला नव्हता. दादरला छबिलदास शाळेचा हॉल ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेला मिळाला आणि १९७०च्या दशकात मराठी प्रायोगिक रंगभूमीला घर सापडले. पंखे घरघरत, खाली रस्ता गजबजलेला, खुर्च्या मोडक्या. तरी तिथे जे घडले ते वातानुकूलित नाट्यगृहांत घडले नाही. त्या हॉलचे भाडे परवडत होते आणि पडलेल्या नाटकानंतर दुसरे नाटक करून पाहण्याची सोय होती. नवी कला पहिल्या फटक्यात क्वचितच जमते. तिला फसायला वाव लागतो, आणि जागेचे भाडे जितके चढे तितका तो वाव कमी.

आता याच्या शेजारी काळा घोड्याची गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली स्थिती ठेवा. वेसाइड इन गेले, त्या जागी महागडे उपाहारगृह आले. समोवार २०१५ साली बंद झाले. ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झाले. वॉटसन हॉटेलची, म्हणजे आजच्या एस्प्लनेड मॅन्शनची अवस्था तर सर्वांना दिसते. इंग्लंडहून ओतीव लोखंडाचे सुटे भाग आणून उभारलेली ती इमारत. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची चित्रे तिथे दाखवली गेली, आणि ती पाहून सावेदादा भाटवडेकरांनी पुढे स्वतःचा कॅमेरा मागवला, कुस्तीचे चित्रण केले. भारतीय चित्रपटाची कथा जिथून सुरू होते ती ही जागा २००६च्या जगातल्या धोक्यातल्या शंभर वारसास्थळांच्या यादीत होती, आणि त्यानंतरही वर्षानुवर्षे मोडकळलेल्या अवस्थेतच राहिली. महोत्सवाचे पंचवीसहून अधिक वर्षांचे आयुष्य आणि ही पडझड एकाच काळातली आहे. एकामुळे दुसरे झाले असा आरोप मी करत नाही. समोवार आणि ऱ्हिदम हाउस बंद होण्याची कारणे निराळी होती, आणि त्यांत तुमचा हात नव्हता. पण परिसराचे नाव जितके गाजत गेले तितकी तिथली जागा महाग होत गेली, हे जगभरच्या अशा परिसरांचे गणित आहे, आणि त्या गाजण्यात तुमच्या महोत्सवाचा मोठा वाटा आहे. ज्याच्यामुळे नाव झाले त्याच्यावर थोडी जबाबदारीही येते, असे मला वाटते.

यावर पहिला आक्षेप तुमच्याकडून येईल तो मला रास्तच वाटतो. आमची संस्था ना घरमालक, ना महापालिका. आमच्यापाशी एक इंचही जागा नाही. रस्ता मिळवायला दरवर्षी किती परवानग्या लागतात, आवाजाची वेळ, पोलीस, अग्निशमन, न्यायालयाचे निर्बंध, यात आमचे वर्ष जाते. भाड्यांचे दर ठरवणे आमच्या हातात नाही. हे सगळे खरे आहे. पण ज्या जागा हव्यात त्या नव्याने बांधायच्या नाहीत, त्या आहेत. महोत्सवासाठी ज्या संस्था आपली सभागृहे, हिरवळी, पायऱ्या, अंगणे तुमच्यासाठी उघडतात त्याच संस्थांकडे बाकीच्या वर्षातही रिकामे तास असतात. संग्रहालय, ग्रंथालय, कलादालने, महाविद्यालये, या सगळ्यांना एका टेबलाशी बसवण्याचे जे काम दुसऱ्या कोणाला जमले नाही ते तुम्हाला जमले आहे. एकेकट्या संस्थेला चित्रकारांचा तरुण गट आला की विमा, सुरक्षा, जबाबदारी यांची धास्ती वाटते. मधे तुम्ही उभे राहिलात, साफसफाईचा आणि राखणदाराचा खर्च उचललात, तर आठवड्यातल्या दोन संध्याकाळी एक खोली नाममात्र भाड्याने मिळणे अशक्य नाही. घड्याळ मनोरा दुरुस्त करताना मनोरा तुमच्या मालकीचा नव्हता. तरी तुम्ही पैसा, तज्ज्ञ आणि महापालिकेची परवानगी एकत्र आणलीत. खोलीसाठीही हेच करायचे आहे.

दुसरा आक्षेप प्रायोजकांचा असेल. गर्दी जमते ती मांडणशिल्पांपाशी, खाद्यपदार्थांपाशी आणि प्रसिद्ध गायकापाशी; ज्या खोलीत दहा जण बसून कविता वाचतात तिच्यावर नाव लावून कंपनीला काय मिळणार? याचे उत्तर या परिसराच्या भिंतीच देतात. डेव्हिड ससूनचे नाव दीडशे वर्षांनी रोज घेतले जाते. त्याच शतकात गाजलेल्या कोणत्याही जलशाच्या यजमानाचे नाव आज कोणी सांगू शकत नाही. काळा घोडा हे नावच पाहा. आल्बर्ट ससूनने भेट दिलेला, १८७९ साली उभारलेला इंग्लंडच्या युवराजाचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली इथून हलवून राणीच्या बागेत नेला. २०१७ साली तुम्ही स्वाराविना नवा घोडा उभा केलात. मधली बावन्न वर्षे घोडा नव्हता, तरी टॅक्सीवाला, बसचा वाहक, कोर्टातला कारकून सारे काळा घोडाच म्हणत राहिले. रोजच्या येण्याजाण्यात जे येते ते टिकते. प्रायोजकांनी एका कमानीवर नऊ दिवस आपली खूण लावण्याऐवजी एका खोलीवर, चार बाकांवर, एका पाणपोईवर ती लावली तर त्यांच्या पैशाला जास्त आयुष्य लाभेल. मोठ्या रकमेचे हे काम नाही. मुंबईतल्या एका रात्रीच्या झगमगाटाच्या खर्चातून अशा खोलीचे वर्ष निघावे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि तो बाहेरून येईल. समोवार, वेसाइड इन यांच्या आठवणी काढणारे लोक एका लहानशा, शिकलेल्या, बहुतेक पुरुषांच्या वर्तुळाचे गुणगान करतात. त्या टेबलांशी रस्ता झाडणारी बाई कधी बसली होती का? नव्हती बसली. कोलटकरांच्या कवितेत ती आली, पण खिडकीच्या आतल्या बाजूला नाही. हा दोष मान्य करूनच पुढे जायला हवे, आणि म्हणून मी जुनी टेबले परत मागत नाही. तसली जागा आज काढली तर आठ दिवसांत ती ओळखीपाळखीच्या लोकांचा अड्डा होईल. मला हवी आहे ती जागा पाणपोईच्या तत्त्वावर चालणारी: आधी येईल त्याला मिळेल, शिफारस लागणार नाही, अर्ज कोणत्याही भाषेत करता येईल, आणि जहांगीरच्या दारात फुटपाथवर चित्रे मांडून बसणाऱ्या चित्रकाराचा तिच्यावर नामवंत चित्रकाराइतकाच हक्क असेल. जहांगीरमध्ये दालन मिळवायला वर्षानुवर्षे थांबावे लागते; त्या काळात चित्रकाराने काम कुठे करायचे, कोणाला दाखवायचे? दहा बाय दहाच्या खोलीत सहा जणांसह राहणारा, दिवसा कुरिअर वाटणारा आणि रात्री शाईने रेखाटणारा मुलगा महोत्सवात प्रेक्षक म्हणून येतो, फोटो काढतो आणि शेवटची लोकल पकडतो. आरांच्या काळी त्याला निदान रॅम्पार्ट रोवर कोणी विचारत तरी असे.

इथेच सांस्कृतिक विविधतेचा प्रश्न येतो, आणि त्याबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे. तुमच्या कार्यक्रमांत लोककला असतात, निरनिराळ्या प्रांतांचे कारागीर असतात, मराठी-हिंदी प्रयोगही होतात. हे सगळे मोलाचे आहे. पण काळा घोडा हा ‘शेजार’ आहे असे आपण म्हणतो तेव्हा शेजारी कोण, हे ठरवले पाहिजे. इथे राहणारी कुटुंबे थोडी आहेत. हा भाग रोज येणाऱ्यांचा आहे: उच्च न्यायालयातले वकील आणि त्यांचे कारकून, झेरॉक्सच्या दुकानातली पोरे, बँकांचे पहारेकरी, विद्यापीठाचे आणि महाविद्यालयांचे विद्यार्थी, टॅक्सीवाले, टपरीवाले, कलादालनांत चित्रे टांगणारे आणि उतरवणारे मदतनीस, गल्लीतल्या सिनेगॉगची आणि अग्याऱ्यांची राखण करणारे लोक. बाबासाहेब आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले तेव्हा त्यांची वाट याच रस्त्यांवरून होती. या माणसांच्या बोलण्यात मराठी आहे, कोकणी आहे, भोजपुरी, उर्दू, गुजराती, तेलुगू आहे. महोत्सवाची विविधता मात्र बहुतेक बाहेरून आणून मांडलेली असते आणि तिचे निवेदन मुख्यतः इंग्रजीत होते. ज्याला इंग्रजी येत नाही तो चित्र पाहू शकतो, गाणे ऐकू शकतो, पण मांडणशिल्पाशेजारच्या पाटीवर काय लिहिले आहे ते त्याला कळत नाही, आणि आपल्याला इथे प्रस्ताव पाठवता येतो हे तर त्याच्या गावीही नसते. मराठीचा आग्रह धरला की संकुचितपणाचा शिक्का बसतो, म्हणून स्पष्ट सांगतो: इंग्रजी काढा असे माझे म्हणणे नाही. या परिसराच्या सर्वांत मोठ्या कवीने इंग्रजी आणि मराठी दोन्हींत लिहिले आणि त्याला कधी एक भाषा सोडावी लागली नाही. दोन्ही भाषांना, आणि शक्य तिथे तिसरीलाही, दारातून आत यायला सारखी जागा द्या. प्रस्तावांचे आवाहन मराठीत निघू द्या, निवड समितीत मराठी, उर्दू, गुजराती वाचणारे असू द्या, पाट्या दोन लिपींत असू द्या.

वारसा-फेऱ्यांबद्दल एक विनंती आहे, आणि ती अमलात आणायला जवळजवळ काहीच खर्च नाही. आज वास्तुरचनाकार आणि अभ्यासक या फेऱ्या घेतात, त्या ऐकण्यासारख्या असतात. त्यांच्या जोडीला आणखी काही फेऱ्या ठेवा. ग्रंथालयातल्या जुन्या शिपायाला सांगू द्या की पूर्वी दुपारी आरामखुर्चीसाठी कोण भांडत असे. चित्रे टांगणाऱ्या मदतनिसाला सांगू द्या की तैलचित्र भिंतीवर समतोल कसे बसते आणि पावसाळ्यात कॅनव्हासचे काय होते. दगड सांधणाऱ्या गवंड्याला सांगू द्या की मालाडचा दगड आणि पोरबंदरचा दगड छिन्नीखाली कसे वेगळे लागतात. मुंबईच्या या इमारती कोणी नकाशावर आखल्या याची नोंद पुस्तकांत आहे. त्या कोणी उचलल्या, घडवल्या, सांभाळल्या याची नोंद हळूहळू माणसांबरोबर जाते आहे. त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ग्रंथालयात ठेवा. त्यासाठी त्यांना मानधन द्या, वक्त्यांना देता तेवढेच.

एक मागणी हिशेबाची. संशयाने मागत नाही, विश्वास वाढावा म्हणून मागतो. महोत्सव संपल्यावर दोन महिन्यांत एक साधे पान मराठीत आणि इंग्रजीत छापून ग्रंथालयाच्या फलकावर आणि वर्तमानपत्रांत येऊ द्या: प्रायोजकांकडून किती आले, दुकानांच्या भाड्यातून किती आले, मंडपांवर किती गेले, कलावंतांना किती मिळाले, आणि परिसराच्या कामासाठी किती उरले. तुमची संस्था १९९८ साली निघाली तीच मुळात या परिसराची देखभाल व्हावी म्हणून. महोत्सव हे त्या कामाचे साधन होते. साधन मोठे झाले, देखणे झाले, याचा आनंद आहे. पण ते साध्यासाठी किती राबते आहे हे लोकांना एका दृष्टिक्षेपात दिसले तर पुढच्या वर्षी एखादा कच्छी व्यापाऱ्याचा वारस, एखादी पारशी विश्वस्त संस्था, एखादा निवृत्त वकील स्वतःहून पुढे येईल. या भागात देणाऱ्यांची परंपरा खंडित झालेली नाही. कुठे द्यायचे हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही.

मागण्या पुष्कळ झाल्या असे वाटेल. सगळ्या एका वर्षात होणार नाहीत, हेही कळते. म्हणून पहिल्या वर्षासाठी एकच धरा, खोलीची. पुढचा महोत्सव जाहीर कराल तेव्हा नऊ दिवसांच्या कार्यक्रमपत्रिकेबरोबर आणखी एक पत्रक छापा, मार्च ते डिसेंबरचे: कोणत्या संस्थेत, कोणत्या वारी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, चित्र काढायला, नाटक वाचायला, गाण्याची तालीम करायला, नुसते बसून लिहायला जागा उघडी असेल, आणि किल्ली कोणाकडे असेल. तिथे सुरुवातीला पाच माणसे आली तरी चालतील. गर्दीचा आकडा मोजून ती खोली बंद करू नका. दोन वर्षे तरी तिला तशीच राहू द्या.

या पत्राला तुमच्याकडून जाहीर उत्तर यावे अशी अपेक्षा आहे. जे जमणार नाही ते का जमणार नाही, तेही लिहा. त्या अडचणींवर या शहरातले वकील, वास्तुरचनाकार, ग्रंथपाल, नाट्यकर्मी मिळून विचार करू शकतील, आणि त्या कामाला लागेल तो वेळ द्यायला मी तयार आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
काळा घोड्याचा एक नित्याचा वाटसरू
मुंबई